हात दाखवा

आमच्या खोऱ्यात हिवाळा जूनमध्ये येतो,
जखमा मात्र मार्चपासूनच.
लेंगाचे ओंडके अंगणात येऊन पडले
की दवाखान्याचं दार वाजू लागतं
आणि मी म्हणते, हात दाखवा.

एकोणीस वर्षं झाली.
चेहऱ्याआधी हात ओळखते मी.
नखाखाली कूस गेलेला आठ दिवसांनी येतो,
हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणत,
बोटाचं वांगं झाल्यावर.
सुई लावली की एवढाले गडी
खिडकीबाहेरच्या घोड्याकडे बघत राहतात.

कुऱ्हाड बहुधा डाव्या नडगीवर उतरते.
लाकडात गाठ असते, पातं घसरतं.
बोथट पातंच जास्त कापतं,
हे मी दरवर्षी सांगते,
दरवर्षी माना डोलतात,
आणि दरवर्षी कुणीतरी शब्दशः
आपल्याच पायावर मारून घेतो,
रबरी बुटातलं रक्त चपचप वाजवत येतो.
नोल्बेर्तोच्या डोळ्यात ढलपी उडाली होती.
त्याला काळजी एवढीच,
की रास अर्धी राहिली.

बायकांचं वेगळं.
मनगटाच्या चार बोटं वर
आडवी तपकिरी रेघ, चुलीच्या लोखंडी दाराची.
एकीवर एक, काकणांसारख्या.
त्या दाखवायला कुणी येत नाही.
रक्तदाबाचा पट्टा बांधताना
बाही वर सरते, तेव्हा दिसतात.
विचारलं तर म्हणतात,
पाव होता आत.

आणि आइलिन, दीड वर्षाची,
दोन्ही तळवे चुलीच्या काचेवर.
उजेड धरायला गेली होती.
वीस मिनिटं गार पाण्याखाली.
पहिली दहा ती रडली,
उरलेली दहा तिची आई.

रोसामेल ओयार्सून दर मार्चला यायचा.
कधी अंगठा, कधी कंबर,
एकदा नुसताच गप्पा मारायला,
पण हाताला फडकं गुंडाळून, रीत म्हणून.
साडेनऊ बोटांचा माणूस.
उरलेलं अर्धं जळणात गेलं, तो सांगायचा,
एर्सिलियाने त्यावर बटाटे उकडले.

या वर्षी तो आला तोच जूनमध्ये.
हात दाखवा, मी म्हटलं.
त्याने दोन्ही टेबलावर ठेवले.
एक ओरखडा नाही.
जुने घट्टे सोलून गेले होते,
खालून तान्ह्या बाळाची असावी तशी कातडी.
काय होतंय?
काही नाही.
मी वहीत तेच लिहायला घेतलं,
आणि पेन थांबलं.
एर्सिलिया फेब्रुवारीत गेली होती.

संध्याकाळी चढ चढून गेले.
धुराड्यावर धूर नव्हता, बर्फ होता.
आत तो अंगावर घोंगडी ओढून
विझलेल्या चुलीसमोर बसलेला,
समोर कुणी बोलत असावं तसा.
केटलीतल्या पाण्यावर पातळ साय, बर्फाची.
आणि मागच्या पडवीत
छतापर्यंत सुकं जळण.
साल खाली, गाभा वर,
एकही ओंडका रांगेबाहेर नाही.
ती रास तिने लावलीय, तो म्हणाला.
पुढे काही बोलला नाही.

मी कोपऱ्यातला एकच काढला, वरचा.
काढताना खालचे हलू नयेत
म्हणून श्वास धरून.
ढलप्या रचल्या, काडी ओढली.
ओळखीची चूल नव्हती ती.
ओंडका आत सरकवताना
दार मागून आलं
आणि मनगटाच्या वर चार बोटं
चर्र झालं.

माझ्या तोंडून आवाज गेला असावा.
तो उठला.
बाहेरून घमेलं भरून आणलं, बर्फ वितळायचा होता अजून,
माझ्यासमोर गुडघे टेकले, त्यांचा कडकडाट ऐकू आला,
आणि म्हणाला, दाखवा हात.

पाण्यात धरून ठेवला त्याने तो,
घड्याळ न बघता.
चूल हळूहळू बोलू लागली.
त्या दाराला पाय लावून ठेवायचा असतो,
तो म्हणाला.
तिलाही सांगून थकलो.

मग दुसरा ओंडका
त्यानेच जाऊन आणला.